एक क्लॅरिनेट धरून स्विंगच्या जमान्यात शिरा

स्विंग, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बँडांचं नाचाचं जॅझ, ऐकायचं ठरवलं की बहुतेक जण एखादा 'निवडक चाळीस' छापाचा संग्रह लावतात. मीही तसंच केलं होतं. एकामागून एक तीन-तीन मिनिटांच्या चिजा, प्रत्येकीत ट्रम्पेटांचा तोच लखलखाट, आणि तासाभराने कुठली कुठे संपली तेच कळेना. वर्षभर अशीच वरवर ऐकत राहिले. मग एक गोष्ट समजली. बेनी गुडमन नावाचा क्लॅरिनेटवादक ज्या वर्षी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये नाचाचं संगीत घेऊन गेला, त्याच 1938 साली त्याने मोझार्टची रेकॉर्डही केली होती. दोन्ही पाठोपाठ ऐकली आणि मला वाट सापडली.

अमेरिकेत साधारण 1935 ते 1946 हा स्विंगचा काळ. तेव्हा देशातलं सर्वांत लोकप्रिय संगीत म्हणजे बॉलरूममध्ये नाचायचं संगीत. त्याच रेडिओवर 1937 च्या नाताळापासून संगीतसंचालक तोस्कानिनी एनबीसी या रेडिओ कंपनीचा सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन उभा होता. लोकप्रिय आणि अभिजात अशी दोन घरं होती खरी, पण माणसं एका घरातून दुसऱ्यात जा-ये करत होती. ही जा-ये सगळ्यात स्पष्ट ऐकू येते ती क्लॅरिनेटवर. गुडमन, आर्टी शॉ, वूडी हर्मन, तिघेही बँडप्रमुख आणि तिघेही क्लॅरिनेटवाले. म्हणून माझं सांगणं असं, की सगळा काळ एकदम कवेत घ्यायला जाऊ नका. एक क्लॅरिनेट धरा आणि त्याच्या मागे चालत राहा.

सोबत काय हवं

- कान झाकणारे साधे हेडफोन. मोबाइलच्या स्पीकरवर डबल बेस (खालच्या सुरांचं मोठं तंतुवाद्य) ऐकूच येत नाही आणि स्विंगचा पाया तोच.
- वही आणि पेन. प्रत्येक ध्वनिमुद्रणाची तारीख आणि वादकांची नावं लिहायला.
- रोजचा अर्धा तास, मध्ये दुसरं काम न करता.
- ही सहा ध्वनिमुद्रणं: बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनचं 'टेक द ए ट्रेन' (1941) आणि 'क्लॅरिनेट लॅमेंट' (1936), गुडमनची कार्नेगी हॉलची मैफल (16 जानेवारी 1938), गुडमन आणि बुडापेस्ट स्ट्रिंग क्वार्टेट यांचं मोझार्टचं क्लॅरिनेट क्विंटेट, म्हणजे क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यांची रचना (1938), हंगेरियन संगीतकार बार्तोकचं 'कॉन्ट्रास्ट्स', स्वतः बार्तोक पियानोवर असलेलं (1940), टॉमी डॉर्सीचं 'साँग ऑफ इंडिया' (1937).

संगीताचं लेखन वाचता यायला हवं असं अजिबात नाही.

## 1. तारीख पाहिल्याशिवाय ऐकू नका

सर्वांत मोठा खड्डा इथेच आहे. स्विंगमधल्या बहुतेक मोठ्या बँडप्रमुखांनी 1950 नंतर आपल्याच जुन्या चिजा नव्या यंत्रांवर पुन्हा वाजवून रेकॉर्ड केल्या. नाव तेच, चाल तीच, वादक मात्र वेगळे आणि अंगातली रगही वेगळी. माझ्याकडे आलेल्या संग्रहावर तारखाच नव्हत्या, त्यामुळे पंधरा-वीस वर्षांनंतरची आवृत्ती मी कित्येक महिने मूळ म्हणून ऐकत होते.

ओळखायच्या खुणा सोप्या आहेत. ट्रम्पेट डाव्या कानात आणि सॅक्सोफोन उजव्या कानात असे स्वच्छ वेगळे येत असतील, तर ते त्या काळातलं बहुधा नाहीच. तेव्हाच्या बाजारातल्या सगळ्या तबकड्या मोनो होत्या. 'ग्लेन मिलर ऑर्केस्ट्रा' एवढंच नाव दिसलं तर साल बघा. मिलर 15 डिसेंबर 1944 रोजी इंग्लंडहून फ्रान्सला जाताना विमानासकट बेपत्ता झाला, पण त्याच्या नावाचे बँड नंतरही वाजत राहिले.

दुसरी सूचना खरखरीबद्दल. जुन्या तबकडीची खरखर पुसून काढलेली प्रत सुरुवातीला गोड वाटते, पण त्या पुसण्यात झांजेची चमक आणि क्लॅरिनेटच्या फुंकीतली हवाही पुसली जाते. थोडी खरखर असलेली प्रत निवडा. दोन दिवसांत कान ती विसरतो.

## 2. तीन मिनिटांचं माप समजून घ्या

मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत, बारा इंचीवर चार ते साडेचार. नाचाचं संगीत बहुतेक दहा इंचीवर निघे. एवढ्यात सुरुवात, चाल, एक-दोन एकल वादनं, गाणारी असेल तर तिचा भाग आणि शेवट, सगळं बसवायचं. एकल वादकाच्या वाट्याला कधी पंधरा-वीस सेकंद येत आणि त्यात त्याला आपलं म्हणणं मांडून मोकळं व्हावं लागे.

अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐकलेल्या कानाला हे नवीन नाही. त्याच वर्षांत आपले गवईही याच मापात राग बसवत होते. त्यामुळे स्विंगची तबकडी लांबलचक मैफलीच्या अपेक्षेने लावू नका. ती बंदिशीसारखी ऐका, एकेक जागा मोजून.

अभिजात संगीताची अडचण उलटी होती. मोझार्टचं अर्ध्या तासाचं क्विंटेट अनेक तबकड्यांवर तोडून भरावं लागे, आणि त्या तबकड्या फोटोंच्या आल्बमसारख्या पुठ्ठ्याच्या बांधणीत विकल्या जात. गाण्यांच्या संग्रहाला आपण 'आल्बम' म्हणतो ते तेव्हापासून.

## 3. टाळी दोन आणि चारवर

आपल्याला समेवर टाळी द्यायची सवय. स्विंगमध्ये चार मात्रांचा बार असतो आणि ड्रमवाल्याची पायाने मिटणारी झांज, हाय-हॅट, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटते. डबल बेस चारही मात्रांवर चालत असतो. आधी बेस पकडा, मग झांज, आणि टाळी दोन आणि चारवर द्या. पहिले दोन-तीन दिवस हात आपोआप एकवर जाईल. जाऊ द्या, पुन्हा सुरू करा.

आता 'टेक द ए ट्रेन' लावा. एलिंग्टन पियानोवर चार बारांची सुरुवात करतो, आणि लगेच सॅक्सोफोन एका सुरात चाल घेतात. आठ बारांचा मुखडा, तोच पुन्हा, मग आठ बारांचा अंतरा, मग परत मुखडा: एकूण बत्तीस बार. अंतरा आला की कानाला कळतंच, सुरांची बैठक बदलते आणि वाक्यं लांब होतात. बोटांवर मोजत एक पूर्ण आवर्तन ऐका. दुसऱ्या आवर्तनात रे नान्स ट्रम्पेटला म्यूट (आवाज दबवणारं बूच) लावून एकल वाजवतो, तिसऱ्यात म्यूट काढून. खाली चौकट तीच असते. मला हे ऐकू यायला आठवडा लागला, आणि तो आठवडा पुढच्या प्रत्येक पायरीला उपयोगी पडला.

## 4. बँडमधला सवाल-जवाब ओळखा

स्विंगचा बँड साधारण तेरा ते सोळा जणांचा. एकीकडे सॅक्सोफोन, क्लॅरिनेट. दुसरीकडे ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन. खाली पियानो, गिटार, बेस, ड्रम. एक बाजू वाक्य म्हणते, दुसरी त्यावर उत्तर देते. हे सगळं अरेंजरने लिहून दिलेलं असतं. गुडमनच्या यशामागचा अरेंजर म्हणजे फ्लेचर हेंडरसन, स्वतः मोठ्या कृष्णवर्णीय बँडचा प्रमुख. 21 ऑगस्ट 1935 रोजी लॉस एंजेलिसच्या पालोमार बॉलरूममध्ये गुडमनच्या बँडने हेंडरसनने बांधलेल्या चिजा काढल्या आणि नाचणारी पोरं नाच सोडून रंगमंचाकडे धावली. त्याआधीचा बहुतेक दौरा पडेल गेला होता. कॅलिफोर्नियातल्या मुलांना हे संगीत ठाऊक असण्याचं कारण असं, की न्यूयॉर्कहून मध्यरात्रीनंतर लागणारा गुडमनचा रेडिओ कार्यक्रम तिथल्या घड्याळात तीन तास आधी, ऐन संध्याकाळी लागायचा.

## 5. 16 जानेवारी 1938 ची रात्र पूर्ण ऐका

इथे घाई करू नका. कार्नेगी हॉल म्हणजे सिंफनीचं आणि मोठ्या व्हायोलिनवादकांचं घर. तिथे नाचाचा बँड एकटा पूर्ण संध्याकाळ वाजवणार, हे विलक्षण होतं. मैफल तबकड्यांवर उतरवून घेतली गेली होती, पण त्या बारा वर्षं पडून राहिल्या. 1950 साली कोलंबियाने ती लाँग प्ले म्हणून काढली.

पहिली चीज 'डोंट बी दॅट वे'. बँड सुरुवातीला आखडलेला आहे, ते ऐकू येतं. मग जीन क्रुपा ड्रमवर एक दणका देतो आणि सभागृह एकदम जागं होतं. पुढे काउंट बेसी, लेस्टर यंग, आणि एलिंग्टनच्या बँडमधले जॉनी हॉजेस, कूटी विल्यम्स, हॅरी कार्नी असे पाहुणेही वाजवतात. काळे आणि गोरे वादक त्या मंचावर एकत्र बसलेले होते आणि 1938 च्या अमेरिकेत ती साधी गोष्ट नव्हती.

शेवटाकडे 'सिंग, सिंग, सिंग' येतं, सुमारे बारा मिनिटांचं. क्रुपाचा जमिनीवरून आल्यासारखा टॉमटॉमचा ठेका, त्यावर बँडचे तडाखे, मग एकेक एकल. गुडमन आपल्या एकल वादनात हळूहळू वर चढतो आणि अगदी टोकाच्या सुरावर जाऊन तो सूर बारीक, हलका ठेवतो. एवढ्या गदारोळात एवढा नाजूक सूर! इथे थांबवू नका. कारण पुढे जे होतं ते ठरलेलं नव्हतं: गुडमन पियानोवाल्या जेस स्टेसीला खूण करतो. स्टेसी तोवर नुसती साथ करत होता. तो शांतपणे, एकाच स्वरसमूहाभोवती फिरत, जवळजवळ दोन मिनिटं वाजवतो. खाली ड्रम चालूच, पण दबलेले. सुरांची ती धूसर ठेवण फ्रेंच संगीतकार डेब्यूसीच्या पियानोची आठवण करून देते. नाचाच्या बँडमधून अभिजात संगीताचा वास आपसूक कसा येतो हे मला या दोन मिनिटांत कळलं. निदान तीनदा ऐका: एकदा पियानोसाठी, एकदा फक्त ड्रमसाठी, एकदा सभागृहाच्या श्वासासाठी.

## 6. तोच क्लॅरिनेट मोझार्टमध्ये

एप्रिल 1938. तीन महिन्यांनी गुडमन बुडापेस्ट स्ट्रिंग क्वार्टेटबरोबर मोझार्टचं क्विंटेट रेकॉर्ड करतो. मोझार्टने ते 1789 साली आपला मित्र आंटोन श्टाडलर या क्लॅरिनेटवादकासाठी लिहिलं होतं. सुरुवात दुसऱ्या भागापासून करा, 'लार्गेटो'. तंतुवाद्यांवर म्यूट आहे आणि क्लॅरिनेट लांबच लांब वाक्यं म्हणतो.

काय ऐकायचं? स्विंगमध्ये गुडमन सुरांच्या जोडीतला पहिला सूर लांबवतो, दुसरा आखूड करतो, सुराच्या खालून मींड घेत वर येतो. इथे ते सगळं बाजूला ठेवलेलं आहे. सूर सरळ, समान मापाचे, काहीसे जपून घेतलेले. काहींना हे वादन जरा कोरडं वाटतं. मला त्यातला आदर जाणवतो. त्याचं क्लॅरिनेटचं शिक्षणच मुळात अभिजात पद्धतीचं. शिकागोच्या गरीब ज्यू घरातला हा मुलगा फ्रांझ शेप या कडक जर्मन शिक्षकाकडे शिकला. पुढे 1949 च्या सुमारास, वयाच्या चाळिशीत, जगभर नाव झालेलं असताना तो रेजिनल्ड केल या इंग्रज वादकाकडे पुन्हा शिकायला बसला आणि वरचे दात मुखनळीवर टेकवायची आयुष्यभराची सवय सोडून दोन्ही ओठांनी धरायला शिकला. फुंकीच्या वाद्यावर हा बदल म्हणजे गळा नव्याने लावण्यासारखं आहे.

त्यानंतर लगेच गुडमनच्या त्रिकुटाचं 1935 चं 'बॉडी अँड सोल' ऐका, टेडी विल्सन पियानोवर आणि क्रुपा ड्रमवर. तिघं एकमेकांचं ऐकत वाजवतात ते मोझार्टच्या पाच जणांइतकंच निगुतीने.

## 7. बार्तोकच्या तेरा मात्रा

व्हायोलिनवादक योझेफ सिगेती याच्या सुचवण्यावरून गुडमनने बेला बार्तोककडे क्लॅरिनेट, व्हायोलिन आणि पियानोसाठी रचना मागितली. मागणी होती दोन छोट्या भागांची, बारा इंची तबकडीच्या दोन बाजूंवर मावतील अशी. म्हणजे दुसऱ्या पायरीतलं मापच इथे आलं. बार्तोकने 1938 साली लिहिलेली रचना त्या मापात मावेना, आणि मधला शांत भाग मिळून तीन भागांचं 'कॉन्ट्रास्ट्स' झालं. जानेवारी 1939 मध्ये कार्नेगी हॉलला आधी दोनच भाग वाजले. 1940 च्या ध्वनिमुद्रणात तीनही आहेत आणि पियानोवर बार्तोक स्वतः.

नवख्या कानाला हे टोचेल. तिसऱ्या भागापासून सुरू करा. व्हायोलिनच्या दोन तारा मुद्दाम बेसुऱ्या लावलेल्या असतात; वादक त्यासाठी दुसरं व्हायोलिन जवळ ठेवतो. मध्ये एक संथ भाग येतो, त्यात तेरा मात्रांची चाल आहे: तीन-दोन-तीन, दोन-तीन. ही बल्गेरियन लोकसंगीताची लय. विषम मात्रांच्या तालांशी ओळख असलेल्या आपल्या माणसाला इथे पाश्चात्त्य श्रोत्यापेक्षा थोडं सोपं जातं, याचा फायदा घ्या. इथे जॅझ शोधायला जाऊ नका. बार्तोकला जॅझची नक्कल करायचीच नव्हती. त्याला या वादकाचा आवाका हवा होता.

याच वाटेवर पुढे रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीने वूडी हर्मनच्या बँडसाठी 'एबनी कॉन्चेर्तो' (कॉन्चेर्तो म्हणजे एका वाद्याला पुढे ठेवणारी रचना) लिहिलं, ते 1946 साली कार्नेगी हॉललाच वाजलं. अमेरिकन संगीतकार कोपलंडचं गुडमनसाठी लिहिलेलं क्लॅरिनेट कॉन्चेर्तो 1950 साली पहिल्यांदा वाजलं. ही दोन्ही नंतर ऐकली तरी चालतील.

## 8. उसन्या चाली: आधी मूळ, मग स्विंग

रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हच्या 'साद्को' ऑपेरात एक भारतीय व्यापारी आपल्या देशातल्या रत्नांचं आणि समुद्राचं वर्णन गातो. ते आधी ऐका, मग टॉमी डॉर्सीचं 'साँग ऑफ इंडिया', जानेवारी 1937 चं. त्यातलं बनी बेरिगनचं ट्रम्पेट चुकवू नका. चायकोव्हस्कीच्या पाचव्या सिंफनीतल्या चालीवर ग्लेन मिलरचं 'मून लव्ह' (1939) आहे, आणि चायकोव्हस्कीच्याच पहिल्या पियानो कॉन्चेर्तोवरची फ्रेडी मार्टिनच्या बँडची 1941 ची रेकॉर्ड तर तुफान चालली.

1941 मध्ये अशा चाली इतक्या का, याला व्यवहारी कारणही आहे. गीतकार-संगीतकारांची संघटना आस्कॅप आणि रेडिओ कंपन्या यांचा पैशांवरून वाद झाला आणि 1 जानेवारी 1941 पासून बरेच महिने संघटनेच्या सदस्यांची गाणी मोठ्या रेडिओ जाळ्यांवर बंद झाली. मग हक्क संपलेल्या जुन्या चालींना भाव आला. एलिंग्टन सदस्य होता, त्यामुळे स्वतःच्याच रचना त्याला रेडिओवर वाजवता येईनात. त्याचा तरुण सहकारी बिली स्ट्रेहॉर्न सदस्य नव्हता, म्हणून बँडची ओळखधून म्हणून स्ट्रेहॉर्नचं 'टेक द ए ट्रेन' पुढे आलं. तिसऱ्या पायरीत मोजलेले ते बत्तीस बार असे आपल्यापर्यंत पोचले.

आणखी एक तारीख वहीत लिहा: 1 ऑगस्ट 1942. त्या दिवसापासून वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार टाकला, आणि दोन मोठ्या कंपन्यांशी तो नोव्हेंबर 1944 पर्यंत मिटला नाही. या काळातलं काही हाती आलं तर ते बहुधा रेडिओवरचं किंवा सैनिकांसाठीच्या व्ही-डिस्कवरचं असणार.

## 9. दार कुणासाठी उघडं होतं, तेही ऐका

फ्रांझ शेपकडे गुडमनबरोबर बस्टर बेली हा कृष्णवर्णीय मुलगाही शिकत होता. गुरुबंधूच. बेलीचा हातही अभिजात शिस्तीत तयार झालेला. पण अमेरिकेतल्या सिंफनी ऑर्केस्ट्रांमध्ये काळ्या वादकाला खुर्ची मिळत नव्हती. तो हेंडरसनकडे आणि नंतर जॉन कर्बीच्या सहा जणांच्या बँडमध्ये वाजवत राहिला. कर्बीच्या बँडने नॉर्वेच्या ग्रीग या संगीतकाराचं 'अनित्राज डान्स' कसं वाजवलंय ते ऐका; बेलीचा क्लॅरिनेट तिथे ज्या सफाईने धावतो, ती ऐकताना मला दर वेळी वाईट वाटतं.

1939 साली मॅरियन अँडरसन या कृष्णवर्णीय अभिजात गायिकेला वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये तिच्या वर्णामुळे गाऊ दिलं नाही. 9 एप्रिलला ती लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर सुमारे 75,000 लोकांसमोर गायली. मेट्रोपॉलिटन ऑपेराने तिला बोलावलं ते 1955 मध्ये.

एलिंग्टनने दुसऱ्यांचं दार ठोठावण्यापेक्षा आपल्याच बँडसाठी लांब रचना लिहिल्या. 23 जानेवारी 1943 ला कार्नेगी हॉलमध्ये त्याने 'ब्लॅक, ब्राउन अँड बेज' सादर केलं, सुमारे पाऊण तासाचं, अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या इतिहासावरचं. नवख्याने मात्र 'क्लॅरिनेट लॅमेंट' आधी घ्यावं. न्यू ऑर्लिन्सच्या बार्नी बिगार्डसाठी लिहिलेलं तीन मिनिटांचं छोटं कॉन्चेर्तोच ते. गुडमनचा सूर काचेसारखा, बिगार्डचा लाकडासारखा. दोन्ही लागोपाठ लावले तर फरक कुणालाही कळेल.

## 10. आता मुंबई

1935 मध्ये लिऑन ॲबीचा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला. मागोमाग पियानोवाला टेडी वेदरफोर्ड. त्याच वर्षी मेहली मेहतांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. दोन्हीकडे उपयोगी पडणारी माणसं होती गोव्याची. चर्चच्या शाळांत लहानपणीच व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकलेले हे वादक सिंफनीत बसू शकत होते आणि रात्री हॉटेलात स्विंगही वाजवत होते. मिकी कोरिया ताजमध्ये वर्षानुवर्षं बँड चालवत राहिले. पुढे दारूबंदीने हॉटेलांतली कामं आटली आणि यातले कितीतरी जण सिनेमाच्या स्टुडिओत गेले.

तिथे त्यांना भेटलेल्यांत सी. रामचंद्र होते, पुणतांब्याचे चितळकर, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट त्यांचे सहायक झाले. 'शहनाई'मधलं 1947 चं 'आना मेरी जान संडे के संडे' आणि 'अलबेला'मधली 1951 ची गाणी आपण सगळ्यांनी ऐकलेली आहेत. पण पहिल्या नऊ पायऱ्या झाल्यावर ती पुन्हा लावा. शब्दांकडे लक्ष देऊ नका. हेडफोन घाला, आधी बेस शोधा, मग पितळी वाद्यं गाण्याला कुठे उत्तर देतात ते वहीत लिहा, आणि टाळी कुठे पडते ते स्वतः देऊन बघा.